ओमानचा किनारा, मस्कत ते मिरबात: गाडी, तंबू आणि डायव्हिंग एकाच सुट्टीत जमेल का?

पौडरोडकर

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटी दहा दिवस ओमानला जायचं घाटतंय. आम्ही चौघं: मी, बायको, मेहुणा आणि मेहुण्याचा मित्र. मी आणि बायको दोघंही ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर (डायव्हिंगचं दुसऱ्या पायरीचं प्रमाणपत्र) आहोत. कोर्स अंदमानात हॅवलॉकला केला, नंतर अधूनमधून नेत्राणीला जातो. मेहुण्याला पाण्याशी काही देणंघेणं नाही, त्याला गाडी हवी. घरी थार आहे आणि मुळशीकडचा चिखल त्याने भरपूर तुडवलाय. वाळूत मात्र आमच्यापैकी कोणीच गाडी घातलेली नाही.

बेत असा: मस्कतला उतरून फोर बाय फोर भाड्याने घ्यायची. पहिले दोन दिवस दयमानियत बेटांवर डाइव्ह. दुसऱ्या दिवशी बोटीवरून उतरलं की थेट जबल शम्स डोंगरावर मुक्काम, कारण बायकोला तो कडा बघायचाच आहे. मग सूर, रास अल हद्द, खलूफ, दुकम, शुवैमिया, हासिक असं किनाऱ्याने खाली उतरायचं. रोज तंबू. शेवटी मिरबातला सकाळी दोन डाइव्ह, आणि त्याच रात्री सलालाहून विमानाने परत.

विचारायचं ते असं. मस्कतहून सिलिंडर भाड्याने घेऊन गाडीत टाकले आणि वाटेत पाणी चांगलं दिसेल तिथे किनाऱ्यावरूनच उतरलो तर? गाडी एक पुरेल की दोन? पुण्याहून काय न्यावं? आणि आई रोज एकच विचारते, "वाळूत रुतलात तर तिकडे काढायला कोण येणारे?" त्यालाही उत्तर द्या.

---

मस्कत_ते_बावधन

नोकरीमुळे बरीच वर्षं मस्कतला काढली, आता बावधनला असतो. या किनाऱ्यावर हिवाळ्यात जाणं व्हायचंच. तुमचा बेत चांगला आहे, फक्त तो दोन वेगवेगळ्या सहलींचा बेत आहे आणि तुम्ही त्यांची भेळ करताय. डायव्हिंग दोन टोकांना, मस्कत आणि मिरबात. मधला सगळा पट्टा तंबूचा. तिथे सिलिंडर नेऊ नका.

का ते सांगतो. मस्कत सोडल्यावर मधल्या शेकडो किलोमीटरमध्ये सिलिंडर भरून मिळेल या भरवशावर राहता येत नाही. म्हणजे चार सिलिंडर नेलेत तर तुम्हा दोघांचे मिळून प्रत्येकी दोन डाइव्ह, आणि पुढचा सगळा प्रवास रिकामी नळकांडी खडखडवत. भरलेले असतानाचं दुखणं वेगळंच. सकाळी 25 अंशाला 200 बार असलेला सिलिंडर उन्हात बंद गाडीत 60 अंशापर्यंत तापला की काटा 223 च्या आसपास जातो. हे साधं अकरावीचं फिजिक्स आहे. त्यात गाडी वाळूत उड्या मारतेय आणि मागे ॲल्युमिनियमचं पंधराएक किलोचं धूड सैल पडलंय. मेहुणा मागे बसणार असेल तर त्याला आधी विचारा.

पण माझा खरा आक्षेप हा नाहीच. खलूफच्या खालच्या किनाऱ्यावर बोट नाही, ऑक्सिजन नाही, प्रवाह सांगणारा माणूस नाही. मासेमारीची गावं आहेत, म्हणजे पाण्यात जाळी आहेत, तुटून वाहत आलेलीसुद्धा. नायलॉनचं ते बारीक जाळं पाण्यात दिसत नाही, सिलिंडरच्या व्हॉल्व्हला मागून अडकतं तेव्हाच कळतं. मास्क आणि फिन घ्या, कमरेएवढ्या पाण्यात स्नॉर्केल करा, तेवढ्यातही भरपूर दिसतं.

आता टोकांबद्दल. दयमानियत हे 1996 पासून राखीव क्षेत्र आहे, परवाना लागतो, तो डाइव्ह सेंटरवाले काढतात. डिसेंबरात वायव्येचा वारा सुटला की बोटी रद्द होतात, म्हणून एक दिवस हातचा ठेवा. वारा असेल त्या दिवशी मस्कतच्या पूर्वेला बंदर खैरानचा आडोसा बरा पडतो. तिथे अल मुनस्सिर आहे. ओमानच्या नौदलाचं जहाज, 2003 मध्ये मुद्दाम बुडवलं, तळ साधारण 30 मीटरवर. तुमच्या कार्डाला चालतं, पण एअरकडे लक्ष ठेवा. तेवढ्या खोलीवर गप्पा मारल्यासारखी हवा संपते.

मिरबातचं पाणी अंदमानसारखं काचेचं नसतं हे मनाशी धरून जा. आपल्याकडे जूनमध्ये सिंहगड झाकून टाकणारा जो नैर्ऋत्य वारा, तोच धोफारच्या (ओमानचा दक्षिण भाग, मिरबात-सलाला त्यातच) किनाऱ्याला समांतर वाहतो आणि वरचं पाणी बाहेर ढकलतो. खालून थंड, खतावलेलं पाणी वर येतं. त्यामुळे तिथे उन्हाळ्यात समुद्री केल्पचं, म्हणजे मोठ्या पानांच्या शेवाळाचं, रान वाढतं आणि त्याच्याच शेजारी प्रवाळही जगतं. असं एकत्र फार थोड्या ठिकाणी आहे. तुम्ही जाल तेव्हा केल्प बहुतेक झडलेलं असेल, पण मासा भरपूर. पाच मिलिमीटरचा सूट घ्या. नेत्राणीच्या सवयीने तीनचा घेऊन जाल आणि दुसऱ्या डाइव्हला कुडकुडाल.

आणि हो, मिरबात ते हासिक या पट्ट्यात खडकावरचं काहीही उचलू नका. तिथे अबालोन हा महागडा शिंपला मिळतो, त्याचा हंगाम सरकार ठरवतं, तेवढाच काळ आणि फक्त स्थानिक परवानाधारकांना. मोसम नसताना पाण्यातून जाळीची पिशवी घेऊन वर आलेला परका माणूस कोणालाच आवडत नाही.

जबल शम्स आणि परतीचं विमान यांवर मी बोलत नाही, खाली कोणीतरी नक्की बोलेल.

---

निळी_फिन

मीच बोलते. दादा, तुमच्या बेतात दोन ठिकाणी घोळ आहे आणि दोन्ही ठिकाणी तोच.

दयमानियतचे डाइव्ह करून त्याच संध्याकाळी जबल शम्स. तो कडा समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटरवर, डोंगराचं टोक तीन हजाराच्या घरात. शरीरातला नायट्रोजन तुम्ही विमानात बसलाय की लँड क्रूझरमध्ये हे बघत नाही. बाहेरचा दाब कमी झाला की तो बुडबुडे करायला लागतो. विमानाच्या केबिनमधला दाबही साधारण दोन ते अडीच हजार मीटर उंचीवरच्या हवेइतकाच असतो. म्हणजे तुम्ही डाइव्ह करून विमानातच बसताय, फक्त खिडकी उघडी ठेवून.

डॅनची (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, डायव्हरांच्या सुरक्षेची संस्था) शिफारस अशी: एकच साधा डाइव्ह असेल तर विमानाआधी निदान 12 तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस डाइव्ह असतील तर 18, आणि डीकम्प्रेशन स्टॉप (नायट्रोजन निघून जावा म्हणून वर येताना थांबणं) घ्यावा लागला असेल तर त्याहून बराच जास्त. मी स्वतः पूर्ण दिवस सोडते. सकाळी मिरबातला दोन डाइव्ह आणि रात्री सलालाहून विमान हे 18 मध्ये कुठेच बसत नाही.

उपाय सोपा आहे, क्रम बदला. मस्कतला उतरल्यावर आधी जबल शम्स, मग खाली येऊन दयमानियत. तिथून सूरकडे किनाऱ्याने जाताना चढ असा नाही. शेवटी मिरबातचे डाइव्ह उरकून दुसरा दिवस सलालात लोळा. मिरबातच्या वरचा जबल समहान बघायचा असेल तर तोही डाइव्हच्या आधी, कारण तो रस्ता हजार मीटरच्या वर नेतो. आणि सलालाहून गाडीने मस्कतला यायचा विचार डोक्यात आला तर लक्षात ठेवा, उत्तरेकडे शहर सोडताच तो रस्ता डोंगर चढतो.

डायव्हिंगचा विमा वेगळा काढा. प्रवास विम्यात स्कूबा बऱ्याचदा वगळलेलं असतं, किंवा खोलीची अट असते. पॉलिसीचा तो परिच्छेद वाचायचा कंटाळा करू नका.

---

नानापेठ_स्पेअर्स

दोन गाड्या. चर्चा नाही.

थारवाल्या मेहुण्यांना सांगा, मुळशीचा चिखल विसरा. चिखलात लोक गाडी रेटतात, वाळूत रेटली की चाक स्वतःची कबर खणतं. चाक फिरतंय आणि गाडी पुढे जात नाही असं वाटलं त्या क्षणी पाय काढायचा. उतरायचं, फावडं घ्यायचं, चाकांपुढची वाळू उपसायची, हवा आणखी कमी करायची, आणि आल्या चाकोरीतून मागे यायचं. पुढे जायचा हट्ट करणाऱ्यालाच दोरी लागते.

हवा: वाळूत शिरायच्या आधी, रुतल्यावर नाही. 15 ते 18 पीएसआय. डांबरावर परत आलात की लगेच भरायची. कमी हवेवर शंभरच्या स्पीडने पळवलं की टायर तापून फाटतो. त्यामुळे कॉम्प्रेसर हवाच, सिगरेट लायटरच्या भोकात लावायचा खेळण्यातला नको, बॅटरीला चिमटे लावायचा हवा. प्रेशर गेज इथूनच न्या, स्वतःचा, तपासलेला. भाड्याच्या गाडीतल्या गेजवर माझा विश्वास नाही.

ओढायची दोरी गाडीच्या टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) कधीही अडकवू नका. तो तुटून उडाला की मागच्या गाडीच्या काचेतून आत येतो, माणसं मेलीत अशी. गाडीला ओढण्यासाठी दिलेला हूक किंवा पॉइंट असतो, तोच. लोखंडी शॅकल (दोरी अडकवायची कडी) विमानातून नेऊन वजनाचे पैसे भरण्यापेक्षा दोरीचे सॉफ्ट शॅकल न्या, मुठीत मावतात. बोहरी आळीत मिळणारी रंगीत नायलॉन दोरी त्यासाठी नाही, ती कपडे वाळत घालायला.

सरावासाठी कोकणात किनाऱ्यावर गाडी घालू नका प्लीज. दर लाँग वीकेंडला पुण्याच्या नंबरप्लेटची कोणती तरी गाडी भरतीत बुडते आणि आपली शोभा होते. शिवाय पोलीस गुन्हा नोंदवतात.

---

पौडरोडकर

बापरे. निळी_फिन ताई, विमानाचं लक्षात होतं पण डोंगराचं खरंच डोक्यात आलं नव्हतं. क्रम बदलतो. सिलिंडरचा विषयही बंद.

पण मस्कत_ते_बावधन, मग मधल्या पट्ट्याचं जरा सविस्तर सांगा ना. मेहुण्याची सहल तीच आहे. बर अल हिकमानचं खारं मैदान नकाशावर सपाट दिसतंय, तिथून आडवं कापलं तर खलूफला लवकर पोचू असं त्याचं म्हणणं.

---

मस्कत_ते_बावधन

मेहुण्यांच्या हातातून नकाशा काढून घ्या.

ती सबखा आहे. वरून पापडासारखी कडक, खाली गाळ. आधीच्या गाड्यांची चाकोरी दिसतेय तोवर ठीक. चाकोरी सोडून रंग गडद झाला, ओलसर चकाकी आली की समजायचं खाली समुद्र आहे. तिथे रुतलेली गाडी वाळूसारखी निघत नाही, भरतीगणिक आणखी खाली जाते. दुसरी गाडी मदतीला आली तर तीही बसते. दोन गाड्या असूनही फायदा नाही अशी तीच एक जागा. पक्षी बघायचे असतील, हिवाळ्यात तिथे लाखोंनी येतात, तर फिलीमच्या बाजूने डांबरावरून जा आणि कडेला थांबून दुर्बिणीने बघा.

खलूफचा किनारा मात्र मेहुण्यांना द्या. पांढऱ्याशुभ्र वाळूच्या टेकड्या थेट पाण्यात उतरतात. तिथे जायला ओली कडक वाळू लागते, म्हणजे ओहोटी. आपल्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा कोकणी हिशोब आहे, तो तिथे वापरू नका, वेळा जुळणार नाहीत. तिथलं भरतीचं कोष्टक फोनमध्ये उतरवून न्या. पण उधाण (मोठी भरती) आणि भांग (छोटी भरती) चंद्रावर चालतात, ते सगळीकडे सारखंच. कालनिर्णय उघडा, पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे खलूफची रात्र ठेवू नका, अष्टमीच्या आसपास ठेवा. भरतीची पुसट रेघ आणि शेवाळाची ओळ वाळूवर दिसते, तंबू आणि गाड्या तिच्या बऱ्याच वर.

तंबूबद्दल. खुंट्या वाळूत टिकत नाहीत, रात्री वारा फिरला की सगळं उपटून निघतं. मार्केट यार्डातून बारदानाच्या छोट्या पिशव्या न्या, वजन काही नसतं. तिथे गेल्यावर वाळूने भरायच्या, तोंडाला तंबूची दोरी बांधायची, कोपरभर खड्डा करून आडव्या पुरायच्या आणि वरून पायाने दाबायचं. हे जमलं की वाऱ्याची भीती जाते. दुसरं म्हणजे दव. लोकांना वाटतं वाळवंट म्हणजे कोरडं. या किनाऱ्यावर पहाटे तंबू पिळून काढावा लागतो. वेटसूट रात्री बाहेर वाळत टाकलात तर सकाळी जास्त ओला मिळेल.

उघड्यावर तंबू टाकायला ओमानात सहसा कोणी हरकत घेत नाही, म्हणून तर हा देश या बाबतीत एवढा सोपा आहे. अपवाद कासवांचा. रास अल हद्द आणि रास अल जिंझच्या राखीव भागात मुक्काम नाही, रात्री दिवे नाहीत, किनाऱ्यावर गाडी तर नाहीच. कासवं बघायची तर रास अल जिंझला तिकीट काढून वाटाड्याबरोबर. तुमच्या मोसमात कमी असतात पण अगदी नसतात असं नाही.

दुकमला थांबू नका, डिझेल-पेट्रोल भरा, फळं घ्या आणि निघा. मोकळे असाल तर रास मद्रकाला एक रात्र: काळे खडक, फिकट वाळू, आणि वारा नसेल तर स्नॉर्केलला बरी जागा. माझी आवडती रात्र मात्र शुवैमियाची. गावामागे वाडी आहे (आपली वस्तीची नव्हे, एरवी कोरड्या असणाऱ्या नदीची दरी), दोन्ही बाजूंना पांढरे उंच कडे, मधून दगडगोट्यांचा रस्ता, आत खजुराची झाडं आणि पाण्याचे डोह. तिथे वाळू नाही, त्यामुळे हवा पूर्ण कमी करायची गरज नाही, पण टोकदार दगड आहेत. स्टेपनी दोन मागा. ढग दिसले, अगदी लांबचे दिसले, तरी वाडीत झोपायचं नाही. पुढे हासिकचा रस्ता कड्यात कापून काढलाय, तो दिवसाच करा, बघण्यासाठी आणि उंटांसाठी.

उंटांचं गंमत म्हणून सांगत नाही. रात्री ते काळ्या डांबरावर दिसत नाहीत, पाय लांब असल्यामुळे बंपर खालून निघून जातो आणि धड काचेवर येतं. सूर्य मावळायच्या आत तंबू उभा, हा नियम करा.

आईंच्या प्रश्नाचं उत्तर: मुख्य रस्ता सगळीकडे डांबरी आहे, त्याला धरून राहिलात तर कोणी ना कोणी कोळी पिकअप घेऊन जातोच, आणि ते लोक थांबतात. न विचारता दोरी काढतात, वर कॉफीला घरी नेतात. पोलीस 9999. मोबाईलची रेंज मधे मधे जाते, म्हणून रोज संध्याकाळी रेंजमध्ये असताना घरी मुक्काम कळवायचा आणि दुसऱ्या दिवशी अमुक वाजेपर्यंत फोन नाही आला तर कोणाला कळवायचं तेही. इथून सॅटेलाइट फोन किंवा गार्मिनचं इनरीच (उपग्रहावरून निरोप पाठवायचं यंत्र) नेऊ नका. भारतात परवानगीशिवाय ते बाळगणं बेकायदा आहे, आपल्या विमानतळांवर त्यावरून परदेशी पर्यटकांनाही ताब्यात घेतलंय.

---

रुवीची_मीनल

मी सध्या मस्कतलाच आहे, दोन-चार गोष्टी जोडते.

गाडीच्या करारात ऑफ-रोडचं नुकसान बहुतेक वेळा विम्यात नसतं, आणि रोजच्या किलोमीटरची मर्यादा असते. दोन्ही लेखी घ्या. गाडी मस्कतला घेऊन सलालाला सोडायचे पैसे वेगळे पडतात, आधी विचारा. इंटरनॅशनल परमिट पुण्याच्या आरटीओतून काढून या. इथे रस्ता उजवीकडून, त्यामुळे पहिल्या दिवशी राउंडअबाउटला गडबड होते. पेट्रोल स्वस्त आहे, लिटरला साधारण पाव रियाल. दुकमच्या पुढे मात्र अर्धी टाकी झाली की भरायची, पुढच्या पंपाची वाट बघायची नाही.

खाण्याचं ओझं आणू नका. पंपाशेजारच्या कॉफी शॉपमध्ये करक चहा आणि पराठा मिळतो, चालवणारा बहुतेक मल्याळी, हिंदीत बोला. सकाळी किनाऱ्यावर होड्या येतात तेव्हा सुरमई ताजी मिळते. मेतकूट, भाजणी आणा, लोणचं आणा. गोडा मसाला घरचा असेल तर त्यात खसखस नाही ना बघा, आणि अनारसे तर आणूच नका. आखातात खसखस अमली पदार्थात धरतात, दुबईत कपड्यांवरच्या चार दाण्यांवरून लोक आत गेल्याच्या बातम्या आहेत. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल, याचंही तसंच. लागत असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर.

वहिनींसाठी: बोटीवर काही प्रश्न नाही. गावालगतच्या किनाऱ्यावर मात्र पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड आणि लेगिंग, आपल्यालाच मोकळं वाटतं. पाणी माणशी रोज सहा लिटर पिण्यास्वयंपाकाला, रेग्युलेटर आणि मास्क धुवायला वेगळं.

---

पौडरोडकर

सगळ्यांचे आभार. नवीन क्रम: उतरल्यावर जबल शम्स, मग दयमानियत, वाऱ्यासाठी एक दिवस राखीव, सूर, खलूफ, रास मद्रका, शुवैमिया, हासिक, जबल समहान, मिरबात, सलालात एक रिकामा दिवस. दहाचे बारा झाले. मेहुण्याला रजा मिळेल का विचारतोय. दोन गाड्यांचा खर्च त्याने अर्धा उचलायचा, असं बायकोने परस्पर ठरवलंय.

---

मस्कत_ते_बावधन

रजा नाही मिळाली तर जबल शम्स कापा, सलालातला दिवस कापू नका.

---

नानापेठ_स्पेअर्स

आणि गेज. विसरू नका.